जिभेवरची काजळी

आधी कौसाबाईचं नाव लिहिते. धाड गावच्या बाजारात ती भाजी विकायची. नात्यातली नव्हती. तिच्यामुळेच पुढचं सांगता येतंय. माझी शाळा तिसरीत सुटली, लिहिताना चुकलं तर सांभाळून घ्या.

मला बाजारातल्या ओट्यावर उभं केलं होतं. मी नऊ वर्षांची. ओटा दादासाहेबांचा, मोठे जमीनदार. माझा बाप त्यांचा सालदार, वर्षाच्या बोलीवर राबणारा. त्या ओट्यावर मटक्याचा आकडा लावायचे. चिठ्ठी निघायची मुंबईत. दादासाहेबांना ती करमणूक होती. आमची चूल त्यापायी विझायची.

"काऊन बे, तुही पोरगी देवाची हाय म्हणत होता ना?" दादासाहेब बापाला म्हणाले. "लाव तिच्या जिभेले काळं."

माणसं हसली. कोणीतरी कंदिलाची काच पुढे केली. बापाने काचेत बोट फिरवलं आणि माझ्या जिभेवर ओढलं. बापाचंच बोट.

झालं होतं असं. एका सकाळी बापाने विचारलं, "सपनात काय दिसलं बाई?" मी म्हटलं, सात बगळे. मटक्यात सातच आला. बापाने मला खांद्यावर घेऊन गावभर फिरवलं. मग रोज विचारायचा. विचारताना डोक्यावरून हात फिरवायचा. त्या हातासाठी मी स्वप्नं रचायला लागले. लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

"चिठ्ठी निघेपर्यंत दुसरा आकडा तोंडातून काढू नोको," तो म्हणायचा. "आकडा बाटते."

म्हणून शाळेत मी पाढे म्हणत नव्हते. गुरुजी विचारायचे, पाच अन् दोन किती? उत्तर ठाऊक असायचं. मी ओठ आवळून छडी खायची. गुरुजी म्हणाले, मठ्ठ आहे, घरीच ठेवा. बापाने ठेवलं.

रचलेल्या स्वप्नांचे आकडे बुडत गेले, म्हणून ते जिभेला काळं. त्या दिवशी ओट्यावरून खाली उतरले. कौसाबाईने हात धरून आपल्या दुकानामागे नेलं.

"थुक माय." भाजीवर शिंपडायच्या पाण्याने तिने माझं तोंड धुतलं. "आकडा तुह्या तोंडातून नाही निघत. तुह्या बापाले दुखणं लागलं हाय. ते तुह्यानं झालं नाही, अन् तुह्यानं बरंबी होत नाही."

तिच्या मागे तीन-चार बाया बसल्या होत्या. सगळ्यांचे नवरे ओट्यावर.

"माहा मालक तं माह्या शिंका मोजे," कौसाबाई म्हणाली. "सर्दी झाली का घरात दिवाळी."

बाया हसल्या. मीही हसले. पुढच्या बाजारी आईला घेऊन गेले. आई तिथे पोटभर रडली. तिला कोणी शहाणपण शिकवलं नाही, नुसतं ऐकलं.

मग कौसाबाईने माझ्यापुढे मेथीच्या जुड्या ठेवल्या. "मोज. मोठ्यानं."

सातवर अडकले. ती थांबून राहिली. मी सात म्हटलं. काही झालं नाही. कोणाचं काही बुडालं नाही.

त्याच दिवशी बापाने मला पुन्हा ओट्यावर नेलं. सगळ्यांदेखत माझ्यापुढे हात जोडले. "बोल ना माय. एक डाव."

"बाबा, मले आकडा माहीत नाही. कधीच माहीत नव्हता. मी खोटं सांगो."

"सालदाराची पोरगी शहाणी झाली बे," दादासाहेब म्हणाले.

बापाने मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानंतर त्याचा हात माझ्या डोक्यावर कधी आलाच नाही. मरेपर्यंत नाही.

आता मी पुण्यात एका वसतिगृहात पोळ्या लाटते. माझ्या बोलण्याला इथे हसतात. अजूनही कोणी काय स्वप्न पडलं विचारलं की मी ओठ आवळून घेते. गावाकडून येणारे सांगतात, ओटा चालूच आहे, आता दादासाहेबांचा मुलगा बसतो. कौसाबाई थकली आहे.

कौसाबाई, मी येईन. तुमच्या जागेवर बसेन. त्या ओट्यावर ज्या पोरीला उभं करतील तिला मी हाताला धरून खाली उतरवीन, तिचा बाप पाया पडला तरी. तुमचं देणं मी असंच फेडीन.