मामूंच्या अंगठ्याचा निकाल

धोक्याची पाटी लावली, की घरात येणाऱ्याच्या इजेची आपली जबाबदारी संपते काय? या प्रश्नाचे उत्तर मला कुवेतमध्ये, एका भाड्याच्या घराच्या अंगणात, प्रयोगासह मिळाले. प्रयोग करणारे गृहस्थ माझ्या शेजारच्या खोलीत राहत. रत्नागिरीकडचे हे कोकणी मुसलमान गृहस्थ जहाजांच्या एका कचेरीत कारकून होते आणि टपालाने विलायती कायद्याचा अभ्यास करीत. आम्ही त्यांना ‘वकीलसाहेब’ म्हणत असू. ते नाकारीत नसत.

उजव्या हाताची तीन बोटे वर करणे ही त्यांची खूण. “कर्तव्य होतं काय? त्यात चुकलं काय? चुकल्यामुळे इजा झाली काय?” प्रत्येक ‘होय’ला एक बोट मिटे. तिन्ही मिटून मूठ झाली, की निष्काळजीपणा सिद्ध. एक जरी बोट उभे राहिले, तरी प्रतिवादी सुटला. एकदा माझ्या हातून त्यांच्या लुंगीवर गरम चहा सांडला. त्यांनी आधी तिन्ही बोटे शांतपणे मिटली आणि मगच ते उड्या मारू लागले.

शुक्रवारी ते स्टोव्हवर सुके बोंबील भाजत. मी पुण्याचा, शाकाहारी. नाकाला पंचा लावून मी दारात उभा राहिलो आणि हा उपद्रव आहे, असे त्यांच्याच भाषेत सांगितले.

“मास्तर, नुसता त्रास म्हणजे उपद्रव नव्हे. शेजाऱ्याला आपल्या जागेचा वाजवी उपभोग घेता येऊ नये, इतका त्रास हवा. किती वेळ होतो, किती वेळा होतो, वस्ती कसली आहे, हे सगळं बघावं लागतं. कोकण्यांच्या घरात बोंबलाचा वास हा उपद्रव नाही, तो पत्ता आहे. आणि पहाटे तुम्ही पावकी-निमकीचे पाढे मोठ्यानं म्हणता, त्याचं काय?”

“मी शिक्षक आहे. सराव लागतो.”

“मग मलाही लागतो,” असे म्हणून त्यांनी बोंबील उलटला. तडजोड म्हणून मला मूठभर खजूर मिळाले.

पुढे अंगणातील जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचे झाकण तडकले. घरमालक दुसरीकडे राहत असल्यामुळे घराची देखरेख वकीलसाहेबांकडे होती. कायद्याच्या दृष्टीने जागेचा ताबा त्यांचाच, म्हणून काळजीही त्यांनाच. त्यांनी मला फोड करून सांगितले: जुन्या नियमाप्रमाणे येणारे तीन प्रकारचे. कामासाठी बोलावलेला, नुसत्या परवानगीने आलेला आणि विनापरवाना घुसलेला. विलायतेत नुकत्याच झालेल्या कायद्याने पहिल्या दोघांना एका पंक्तीला बसवले होते. दोघांचीही वाजवी काळजी घ्यायची.

“आणि ही?” मी विचारले. शेजारची शेळी आत येऊन त्यांचा वाळत घातलेला सदरा चघळत होती.

“जनावराचं प्रकरण वेगळं,” ते सदऱ्याची दुसरी बाही ओढीत म्हणाले. “त्या धड्यापर्यंत मी अजून आलो नाही.”

नेमक्या त्याच आठवड्यात कुवेतजवळच्या जहरा गावाहून मामू येणार होते. मामू तेथे कापडाच्या दुकानात होते. त्यांच्या भाचीसाठी वकीलसाहेबांचे नाव सुचवले गेले होते, आणि मामूंनी मुलगा पसंत केला तरच लग्न ठरणार होते. मुलीला वकीलसाहेबांनी एकदाच, गावच्या बंदरावर होडीतून उतरताना पाहिले होते. तिच्याविषयी बोलताना ते कायदा पूर्णपणे विसरत.

मी म्हणालो, “झाकण बदलून घ्या.”

“आधी सूचना, मग दुरुस्ती.” त्यांनी खोक्याची एक दणकट फळी घेतली, तिच्यावर मराठी, उर्दू आणि इंग्रजीत ‘सावध राहा, टाकीचे झाकण तडकले आहे’ असे रंगवले आणि ती दारालगतच्या भिंतीवर टांगली. भिंत मातीची होती. खिळा एकच होता.

मामू आले. नजर अधू असल्यामुळे ते पाटीच्या अगदी जवळ गेले आणि अक्षरांखाली बोट फिरवीत वाचू लागले. तिसऱ्या शब्दाला फळी सुटली आणि कोपऱ्यावर उभी अशी त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर आली.

मामू मटकन खाली बसले.

“पाटीवर काय लिव्हलंय?” अंगठा धरून त्यांनी विचारले.

“सावध राहा,” मी सांगितले.

“तर मी राहिलो होतो की.”

मी वकीलसाहेबांच्या कानाशी लागलो. “वारा सुटला होता म्हणा.” पण त्यांचा हात वर गेला होता. तिन्ही बोटे उभी होती.

“मामू, तुम्ही माझ्या बोलावण्यावरून आलात. कर्तव्य होतं.” एक बोट मिटले. “एवढी जड फळी मी एका खिळ्यावर टांगली. चुकलं.” दुसरे मिटले. तिसऱ्यापाशी त्यांची नजर मामूंच्या सुजत चाललेल्या अंगठ्यावर गेली आणि बोट तसेच उभे राहिले.

मामूंनी हात लांब करून ते बोट स्वतः मिटले. “आनि मना लागलं. झाला तुझा हिशोब?” ती मूठ त्यांनी सोडली नाही. “मना कायदा समजत नाय. पन संसारात चुकनार तर सगलेच. चुकल्यावर वाऱ्याचं नाव घेनारा जावई मना नको.” मग ते माझ्याकडे वळले. “मास्तर, तुमचं लगीन झालंय काय?”

“झालंय.”

“बरं झालं.”

त्या दुपारी मामू ओल्या फडक्यात अंगठा गुंडाळून बोंबील जेवले. वकीलसाहेब जमिनीला पाय न लावता वाढत होते. टाकीवरून ते तीन वेळा उडी मारून गेले आणि एकदाही पडले नाहीत, याचे श्रेय कोणत्याही पाटीला देता येत नाही.

हिवाळ्यात ते मुंबईच्या आगबोटीने लग्नाला गेले. कठड्यापाशी उभे राहून त्यांनी मला तीन बोटे दाखवली आणि मूठ न करता तशीच हलवली. ते परत आले नाहीत. परीक्षेचे काय झाले, मला कळले नाही. शुक्रवारी शेजारची खोली बिनवासाची असे. माझ्या पाढ्यांवर कोणी आक्षेप घेईना, तेव्हा मी ते मनात म्हणू लागलो.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर असे: नुसत्या पाटीने जबाबदारी संपत नाही. पाटीमुळे येणारा खरोखर सुरक्षित राहत असेल, तरच ती पुरेशी. मी मात्र कायद्याचा नव्हे, अंकगणिताचा शिक्षक आहे. म्हणून माझ्यावर विसंबू नये. आपल्या दारावरची पाटी किती खिळ्यांवर आहे, हे कृपया स्वतः उठून पाहावे.