दामोदर नावाचा अर्थ

माझ्या वडिलांचं नाव दामोदर. ते नातवाला मिळावं म्हणून मी भरलेला गॅस सिलिंडर पोटाला बांधून घेतला होता.

सांगतो. बारसं दोन दिवसांवर आलं, तरी आमच्या धायरीच्या फ्लॅटमध्ये नावाचा पत्ता नव्हता. मुलगा म्हणे, "सायली म्हणेल ते." सायली, म्हणजे आमची सून, म्हणे, "दोन अक्षरी हवं आणि अर्थ गोड हवा." मी लगेच खुर्ची पुढे ओढली.

"दामोदर ठेवा! कृष्णाचंच नाव आहे."

"अर्थ काय, बाबा?"

"दाम म्हणजे दोरी, उदर म्हणजे पोट. पोटाला दोरी बांधलेला!"

सायलीने बाळाच्या पोटावर दुपटं ओढलं.

(खरं तर इथे मी गप्प बसायला हवं होतं. गप्प बसणं वडिलांना छान जमायचं, ते काही माझ्यापर्यंत पोचलं नाही.) "अगं, यशोदेने खोडकर कृष्णाला उखळाला बांधलं ना, त्यावरून! मायेचं नाव आहे. थांब, दाखवतोच."

घरात उखळ नव्हतं. बाल्कनीतला जादा सिलिंडर हॉलमध्ये ओढून आणला, त्याच्या कडीला कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी बांधली आणि दुसरं टोक बायकोच्या हातात दिलं. "तू यशोदा."

"या वयात?" ती म्हणाली. पण दोरी घेतली.

दोरी माझ्या पोटाभोवती फिरली आणि दोन बोटं कमी पडली. मी तर हरखलोच! "बघ सायली, गोष्टीतही यशोदेची दोरी दरवेळी दोनच बोटं कमी पडायची!"

"तिथे देवाची लीला होती," बायको म्हणाली. "इथे शंकरपाळी आहेत."

मग तिने परकराची नाडी आणून जोडली आणि माझ्या पाठीशी गाठ मारली. संसाराची सगळी वर्षं त्या गाठीत उतरली असावीत, इतकी घट्ट.

तेवढ्यात बेल वाजली. "आई आली वाटतं!" म्हणत सायली दाराकडे धावली. तिची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, कसबा पेठेत राहतात आणि शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झाल्यात. नावाला त्यांचा पाठिंबा मिळवायचा, असा माझा बेत होता. त्यांच्यापुढे परकराच्या नाडीत उभं राहायचं? छे!

"सोड, सोड लवकर!"

"सुटत नाहीये हो!"

मी बेडरूमकडे पळालो. सिलिंडर आडवा होऊन मागोमाग आला. बेडरूमच्या दाराशी दोन बाजूंना सायलीची लाडकी झाडं, बाळाच्या आधीपासून वाढवलेली. सिलिंडर नेमका दोन कुंड्यांमध्ये अडकला. मी जीव खाऊन ओढला. दोन्ही झाडं एकदम आडवी, माती थेट नव्या पाळण्यापर्यंत!

कृष्णानेही उखळ ओढत नेऊन दोन झाडं पाडली होती. त्यांतून कुबेराचे दोन शापित मुलगे निघाले आणि हात जोडून उभे राहिले. माझ्यापुढे सायली आणि विहीणबाई उभ्या होत्या. हात कुणीही जोडले नव्हते.

"हे काय?" विहीणबाईंनी विचारलं.

"बाबा नावाचा अर्थ सांगतायत," सायली म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता आणि मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

विहीणबाईंनी सिलिंडर पाहिला, नाडी पाहिली, झाडं पाहिली. "दामोदर का? फार सुंदर नाव आहे हो."

मला भरून आलं.

"पण बाळाला नको. तुम्हाला इतकं शोभतंय, तुमच्याकडून काढून कशाला घ्यायचं?"

बाळाचं नाव वेद ठेवलं. वडिलांचं नाव घरातून गेलं म्हणून मी दोन दिवस नीट जेवलो नाही. पण ते गेलंच नाही! सोसायटीतली पोरं मला 'दामोदर आजोबा' म्हणतात, वॉचमन त्याच नावाने हाक मारतो, आणि माझं खरं नाव सुरेश आहे हे आता फक्त आधार कार्डाला माहीत आहे. एकाच आठवड्यात आमच्याकडे दोन बारशी झाली. त्यातलं पाळण्यात न मावणाऱ्याचं आधी उरकलं.