मधलं पान रिकामं

आम्ही दोघा नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काय केलं, तर सुनेच्या कॉम्प्युटरसमोर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडल्या. दाणे सुपात, टरफलं खाली. सकाळची वेळ, लाईट होती, म्हणून सून मशीनवर बसलेली.

तेलगावात आमचं किराणा दुकान. बाजूच्या खोलीत पोरानं कॉम्प्युटरचा क्लास काढला होता. तेव्हा जो तो काहीतरी नवीन काढायचा. कुणी एसटीडीचं बूथ, कुणी केबल. पोरीबाळींना शिकवायचं काम सुनेकडं.

"कोणती भाषा कळती गं ह्याला?" हिनं विचारलं.

"बेसिक, आत्या," सून सासूला म्हणाली.

"बेसन?"

सून हसता हसता टेबलावर आडवी झाली. मी तिसरी शिकलेला माणूस, पण त्या डब्यात काय चालतं ते कळल्याशिवाय मला चैन पडेना. म्हणलं, "हसू नको, नीट सांग."

सुनेनं सांगितलं. एकाखाली एक कप्पे करायचे, त्याचा तक्ता होतो. एकेका कप्प्यात एकेक नाव. मशीन पहिल्या कप्प्यात जातं, नाव उचलतं, सांगितलेलं काम करतं, की दुसऱ्यात. हाच फेरा पुन्हा पुन्हा. त्याला ते लूप म्हणतात.

"म्हंजी पंगत वाढल्यावानी," ही म्हणाली. "पानापानावर भाजी टाकीत पुढं सरकायचं."

"पर पंगत सरली हे त्याला कसं कळतं?" मी विचारलं.

"रिकामा कप्पा लागला की थांब, असं सांगून ठेवलंय, मामा."

मग हिला खूळच लागलं. "आपल्या घरची पंगत बसीव. दरेकाला म्हणू दे, जेवायला चला."

ही नावं सांगू लागली, सून टाकू लागली. आधी नातवंडं, मग पोरगा. आपल्या नवऱ्याचं नाव सून बिनदिक्कत टाकून मोकळी. काळ बदलला होता. त्यानंतर ही म्हणाली, "आता हे." आणि शेंग फोडू लागली. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही आणि सून सासऱ्याचं. तोंडानं नाही आणि लिहूनही नाही. सुनेनं सासूकडं पाहिलं, सासूनं सुपाकडं. सुनेनं तो कप्पा तसाच सोडला, खाली स्वतःचं नाव टाकलं, आणि शेवटी हिचं. "वाढणारीचं पान शेवटीच," ही म्हणाली.

सुनेनं बटण दाबलं. मशीननं पडद्यावर एकेक ओळ उमटवत नातवंडांना बोलावलं, पोराला बोलावलं, आणि थांबलं.

"बघा," ही माझ्याकडं वळून म्हणाली, "तुमच्यापायी आमी दोघी उपाशी!"

"माझ्यापायी कावून? नाव तूच गिळलं."

"त्या मशीनला पंगतीत वाढायचं वळण न्हाई. मधलं पान रिकामं दिसलं म्हून पंगत सरती का? माणूस हात धुवाया गेलं असंल. पुढच्याला वाढावं की."

"आत्या, उद्या दुरुस्त करते," सून म्हणाली आणि तेवढं फ्लॉपीवर ठेवून उठली.

दुपारी सूप उचलून ही उंबऱ्यापाशी आली, "छातीत कसंतरी होतंय" म्हणाली, आणि खाली बसली ती बसलीच. जीप येईस्तोवर सगळं संपलं. दिवस मावळायच्या आत तिला पोचवून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारणीनं बेसन-भाकरी आणून दिली; सुतकात आमची चूल बंद. जो येईल तो मला म्हणे, चला, दोन घास खा. मी भाकरीला हात लावला नाही. डोक्यात एकच बसलं होतं. त्या मशीनमध्ये ही माझ्या पलीकडं बसलीय आणि तिला अजून कुणी जेवायला बोलावलेलं नाही.

सुनेला म्हणलं, "मशीन लाव."

"बाबा, आज?" पोरगा म्हणाला.

"आजच. तुझं काय जातंय बे?"

सुनेनं लावलं. म्हणाली, "मामा, कप्पे किती ते त्याला आधीच सांगते. मग रिकाम्यापाशी अडायचं न्हाई."

"तसं केल्यावर माझं पान रिकामंच ऱ्हाईल. नाव टाक माझं."

तिची बोटं बटणांवर गेली आणि तिथंच राहिली. "मला न्हाई जमायचं, मामा."

"ऐकायला आत्या हाय का आता?"

बोललो ते बोललो. ती रडली, पण नाव काही टाकलं नाही. मग डोळे पुसून उठली आणि खुर्ची माझ्याकडं सरकवली. "तुमी दाबा. मी दाखवते."

ती बोट दाखवायची, मी दाबायचो. मला इंग्रजी अक्षर येत नाही. माझं नाव एवढ्या बटणांचं असतं हे मला ठाऊक नव्हतं.

मग तिनं फेरा चालू केला आणि ओळी वाचत गेली. नातवंडं. पोरगा. माझ्या ओळीवर नुसतं, "हं." मशीन थांबलं नाही. मग ती स्वतः. शेवटच्या ओळीवर म्हणाली, "आत्या, जेवायला चला."

मी उठून हात धुतले आणि भाकरी मोडली.