सिस्टर पाय टेकत नसत

चढ संपला की शोभा सिस्टर सगळ्यात आधी घड्याळ बघायच्या. मी आणि गजू माथ्यावर पोचलो की सायकली आडव्या टाकायचो आणि शेजारी आपणही आडवे व्हायचो. त्या मात्र सीटवर बसल्याबसल्याच डावं मनगट उलटं करायच्या. तबकडी आतल्या बाजूला बांधलेली, नाडी मोजणाऱ्या नर्सबाया बांधतात तशी. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायच्या आणि मगच बाटलीला हात लावायच्या. त्यांचं वय एकसष्ट. माझं बेचाळीस, आणि पोट बघितलं तर त्याहून बरंच जास्त. आता त्या लातूरला लेकीकडे राहायला गेल्या आहेत, पण चढाचा माथा आला की अजूनही मी उगाचच त्यांना शोधतो.

नांदेडला माझं चष्म्याचं दुकान आहे आणि गजूचं हार्डवेअरचं. दर रविवारी आम्ही जाड टायरच्या फॅट बाइक जीपमध्ये टाकून मुखेडकडच्या डोंगराळ भागात जातो. टायर एवढे जाड म्हणजे कुठंही जाता येतं, हा आमचा समज पहिल्याच पावसाळ्यात फिटला. काळ्या रानात शिरलो आणि चिखल असा काही चिकटला की चाकं फिरेनात. काड्यांनी तो उकरत बसलो होतो, तेवढ्यात बांधावरून जुन्या लेडीज सायकलवर एक बाई आल्या. सलवारीला घोट्याशी रबरबँड, कॅरिअरला पिशवी.

"काळीत कामून शिरलात? मुरमानं जावं की," त्या म्हणाल्या. मग खाली उतरून माझ्या सायकलचा टायर अंगठ्यानं दाबून बघितला. "हे तर ट्रॅक्टरचंच हाय! चढावर जाती का ही?"

"जाते की," गजू ऐटीत म्हणाला.

पुढच्या रविवारी आम्ही जीप लावतो त्या फाट्यावर बाई हजर. गजूकडे एक जादा सायकल होती, ती त्यांनी मागितलीसुद्धा नाही, सरळ बसूनच बघितली आणि तेव्हापासून ती त्यांचीच झाली. शोभा सिस्टर म्हणजे त्या भागातल्या उपकेंद्रातल्या निवृत्त नर्स. तीसेक वर्षं लसीची पेटी घेऊन त्याच लेडीज सायकलवर त्या वाड्यातांड्यांवर फिरल्या होत्या. गजूच्या मोबाइलमधला नकाशा जिथं संपायचा, तिथून सिस्टरचा सुरू व्हायचा. "त्या बाभळीपासल्या घरात जुळे झाले हुते," "हितं डावीकडं वळा, पुढं हिरीपाशी वाट तुटली हाय." आम्ही निमूट वळायचो.

चढावर त्यांचं एकच म्हणणं असायचं, "चढाकडं बगू नका, चाकाकडं बगा. अन पाय टेकला की गेलं." एकदा मी दम लागून उतरलो, तर माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मी लस चुकवलेला मुलगाच झालो. त्यांनी स्वतः चढावर कधीच पाय टेकला नाही. एका चढावर त्यांच्या सायकलची चेन पडली. आता तरी उतरतील, असं आम्हाला वाटलं. बाईंनी डोक्यावरची लिंबाची फांदी पकडली, दोन्ही पाय पेडलवर तसेच ठेवले आणि गजूला हाक मारली, "या की लवकर, बगताय काय?" गजूनं चेन बसवेपर्यंत त्या तशाच लटकून होत्या.

एका चढाला मात्र त्या कायम बगल द्यायच्या. वरच्या तांड्याचा चढ. विषय काढला की "आज नको" म्हणायच्या. मग हिवाळ्यातल्या एका रविवारी आपणच म्हणाल्या, "आज तिकडंच जाऊ."

पायथ्याशी एक लिंब आहे. तिथं त्या थांबल्या आणि हँडल धरूनच बोलायला लागल्या.

"सव्वीस वर्षांची हुते मी. वरून निरोप आला, बाळंतीण हाय, रगत थांबंना. ह्याच लिंबाखाली घड्याळ बगितलं अन निघाले. निम्म्यात दम लागला, पाय टेकला. मंग सायकल ढकलत पळाले. वर गेले तर सासू दारात हुबी. म्हनली, बाई, आत्ताच गेली."

गजूनं आपली सायकल लिंबाला टेकवली.

"पोरगी जगली. तिलाच आता दोन लेकरं हायत. पण ते 'आत्ताच' काही जाईना बगा. बावीस मिनटं लागली हुती. पाय टेकला नसता तर लई आधी पोचले असते का न्हाई? तेवढंच बगायचं हाय मला."

एवढं बोलून त्यांनी घड्याळ बघितलं. मीही बघितलं. आणि त्या निघाल्या.

तो चढ मी विसरणार नाही. मुरमाची वाट, मध्येमध्ये सुटे दगड. त्या सीटच्या पुढच्या टोकावर सरकून बसलेल्या, मान खाली, नजर चाकावर. दुसऱ्या वळणावर मी उतरलो आणि सायकल ढकलू लागलो. मी ढकलत होतो, त्या चालवत होत्या, तरी आमच्यातलं अंतर काही वाढत नव्हतं. तेव्हा ते माझ्या ध्यानात आलं नाही. मी फक्त त्यांच्या पायांकडं बघत होतो. ते थांबले नाहीत.

माथ्यावर त्यांनी मनगट उलटं केलं आणि बराच वेळ तसंच धरलं.

"चष्मेवाले, तुमचं बगा बरं."

"तेवीस, सिस्टर."

"माझ्यात बी तेवीसच."

गजूच्या तोंडून निघून गेलं, "पण सिस्टर, तेव्हा तुम्ही तरण्या होतात."

"हाव. तवा पाय तरणे हुते, आता सायकल तरणी हाय. बराबरच झालं की." मग खाली वाटेकडं बघत म्हणाल्या, "पळत आलते मी, गजूभाऊ. ढकलत आले, पर पळत आलते."

त्या सायकलवर बसूनच रडल्या. एवढी वर्षं एक बाई रोज स्वतःला उशीर झाला म्हणून दोष देते, आणि एकसष्टाव्या वर्षी तो दोष खरा की खोटा, हे बघायला स्वतःच्या पायांनी डोंगर चढते. खरा निघाला असता, तर तोही घेऊन खाली उतरायची त्यांची तयारी होती. मोठी म्हणवणारी माणसं मी लांबून पुष्कळ पाहिली. हातभर अंतरावर पाहिलं ते हे एकच. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण संकोचानं राहून गेलं, याची खंत आहे.

परतताना फाट्याच्या अलीकडे एक किरकोळ चढ लागतो, लहान मुलंही जिथं उतरत नाहीत असा. निम्म्यात मागून ब्रेकचा आवाज आला. वळून बघतो तर सिस्टर दोन्ही पाय जमिनीवर टेकून उभ्या होत्या आणि बाटलीचं झाकण उघडत होत्या.

"आवं, थांबा की जरा," त्या म्हणाल्या. "दम लागला."