गुब्बूचा आवाज

बसकाकांचं खरं नाव शाळेच्या ऑफिसात कुठेतरी लिहिलेलं असणार, पण ते विचारायची वेळ कधी कुणावर आली नाही. मुलं बसकाका म्हणायची, मुलांचे आईबाप बसकाका म्हणायचे, आणि बायको चिडली की तीसुद्धा म्हणायची, "अहो बसकाका, इथे हॉर्न वाजवून कुणी हलणार नाही. उठा आणि आपलं पाणी आपण घ्या." बायको चष्म्याच्या दुकानात काउंटरवर होती. दिवसभर गिऱ्हाइकांशी गोड बोलून घरी येईपर्यंत तिच्याकडचा गोडवा संपलेला असतो, असं काकांचं म्हणणं होतं. अर्थात हे ते तिच्या माघारी म्हणायचे.

घरात काका तसे अबोल. पाहुणे आले की दोन वाक्यांत विषय संपवून पंख्याकडे बघत बसणारे. पण बसमध्ये चढले, आरसा सारखा केला, दार खाडकन लागलं, की माणूस बदलायचा. मागे मुलांचा कालवा आणि पुढे काकांचं तोंड, दोन्ही शाळेच्या फाटकापर्यंत चालूच.

ही सवय त्यांना एका मुलीमुळे लागली. ती तेव्हा पहिली-दुसरीत असेल. पूल ओलांडला की रस्ता वळणं घेत टेकडी चढायचा, आणि तिथे त्या पोरीला हमखास मळमळायचं. तिला पुढच्या सीटवर, काकांच्या डाव्या हाताला बसवलेलं असे, हातात पिशवी, चेहरा पांढराफटक. एके दिवशी पिशवी उघडायच्या बेतात असताना काकांनी विचारलं, "काय गं, काल गुब्बूने काय केलं?"

गुब्बू म्हणजे कार्टूनमधला पाणघोडा. त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं, आणि तिथे आलेली प्रत्येक वस्तू दुरुस्त होताना आणखी बिघडायची. घड्याळ आणलं तर ते उलटं पळायचं, इस्त्री आणली तर ती उडून जायची. एक कावळा त्याचे स्क्रू चोरायचा. शाळा सुटून मुलं घरी पोचली की गुब्बू लागायचा, त्यामुळे बसमध्ये सगळी घाई गुब्बूसाठी असायची.

मुलीने पिशवी बाजूला धरून सांगायला सुरुवात केली. शिलाई मशीन आलं होतं, गुब्बूने स्वतःचीच शेपटी टेबलक्लॉथला शिवली, वगैरे.

"मग? मग गुब्बू काय म्हणाला?"

मुलीने खांदे उडवले. वळण मोठं होतं, बोलायला तोंड उघडायची हिंमत नव्हती. तेव्हा काकांनीच हनुवटी गळ्यात रुतवली, गाल फुगवले आणि पाण्याखालून आल्यासारखा एक जाडजूड आवाज काढला, "असू दे, असू दे... बिघडून बिघडून आणखी काय बिघडणार!"

मागची सीट हसली. मग त्याच्या मागची. त्या दिवशी पिशवी कोरडी राहिली.

तेव्हापासून रोज सकाळी मुलांनी आदल्या दिवशीचा भाग सांगायचा आणि काकांनी गुब्बूच्या आवाजात बोलायचं, हा रिवाज पडला. वर्षं गेली. ती मुलं मोठी झाली, बसमधून उतरली ती कायमची. पुढच्या सीटवरची मुलगी दातांची डॉक्टर झाली. मागच्या बाकावर बसून खिडकीच्या रबराला कोरणारा लंबू इलेक्ट्रिशियन झाला, अजूनही दारातून आत येताना वाकायचा. आणि दोघांचीही मुलं आता काकांच्याच बसमध्ये चढू लागली.

या सगळ्यात एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नव्हती. काकांनी गुब्बू कधी पाहिलाच नव्हता. तो टीव्हीवर लागायचा तेव्हा ते शेवटच्या मुलाला सोडून गॅरेजकडे निघालेले असायचे. पुढे तो बंदच पडला. कधी मुद्दाम पाहावा असं वाटलं नाही, कारण काकांच्या मते तो त्यांच्या चांगलाच ओळखीचा होता.

मग नवा गुब्बू आला. जुना निळा, सपाट, हाताने काढलेला. नवा जांभळट, कॉम्प्युटरवर घडवलेला, इतका चकचकीत की बोट लावलं तर ओलं होईल. त्याच्या दुकानात यंत्रमानव होते आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. बसमधली नवी मुलं त्याची वाक्यं घडाघडा म्हणायची. काकांनी एकदोनदा आपला जाड आवाज काढून पाहिला. मुलं हसली, पण पाहुण्याच्या विनोदाला हसावं तशी. काका समजायचं ते समजले. त्यांनी आरसा पुसला आणि गाडी चालवली.

एका सकाळी डॉक्टरीणबाई मुलीला सोडायला स्टॉपवर आल्या त्या धावतच. मुलीला सगळे चिमणी म्हणायचे. ती आईसारखीच पुढच्या सीटवर बसायची, पण तिला मळमळत नसे, तिला फक्त पुढचं सगळं आधी बघायचं असे.

"काका, ऐकलंत का? सिनेमा येतोय! जुना गुब्बू आणि नवा गुब्बू, दोघं एकत्र!"

"एकत्र कसे? एकच ना तो?"

"तीच तर गंमत! नव्याच्या दुकानात एक जुना टीव्ही दुरुस्तीला येतो, आणि त्यातून आपला गुब्बू बाहेर पडतो!"

"आपला नाही, तुझा," चिमणी खिडकीतून म्हणाली. "माझा दुकानात आहे."

झालं, त्या दिवसापासून प्रत्येक स्टॉपवर तंटा. एरवी मुलांना बसमध्ये ढकलून पळणारे आईबाप आता पायरीवर पाय ठेवून वाद घालू लागले. जुना जिंकणार की नवा? कावळा कुणाचा, निळ्यांचा की जांभळ्यांचा? लंबूने जुन्या बसवाल्यांचा मोबाइलवर ग्रुप काढला आणि त्याला नाव दिलं 'मागचा बाक'. डॉक्टरीणबाईंना त्यात घ्यावं की नाही यावर चर्चा झाली, कारण त्या पुढे बसायच्या. शेवटी सर्वानुमते घेतलं.

"काका, तुम्ही आमच्या बाजूचे," लंबू म्हणाला. "आम्ही सगळे मिळून पहिल्या दिवसाची तिकिटं काढतोय. तुम्ही नि काकू यायचंच. गुब्बूवर तुमचा हक्क आहे."

काका हसले, पण घरी आल्यावर त्यांनी पंख्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"काय झालंय?" बायकोने विचारलं.

"अगं, मी तो कधी बघितलेलाच नाही."

"मग आता बघा. मोबाइलवर सगळं मिळतं."

"नको. इतकी वर्षं मी त्याला माझ्या आवाजात बोलतं केलं. तो खरा भलत्याच आवाजात बोलत असला तर?"

बायकोला हसू आलं होतं, पण नवऱ्याचा चेहरा बघून तिने ते गिळलं. "असला तर असला. त्याला थोडीच माहीत आहे तुमचा आवाज कसा आहे ते!"

सिनेमाची झलक आली आणि भडका उडाला. झलकीत नवा गुब्बू तडतड बोलत होता. जुना टीव्हीतून धपकन पडला, उठला, टोपी सारखी केली, आणि एक अक्षर बोलला नाही. नुसतं संगीत.

"काका, आपल्या गुब्बूला मुका करून टाकलाय!" डॉक्टरीणबाईंचा आवाज अख्ख्या स्टॉपला ऐकू गेला. "त्याचं ते 'बिघडून बिघडून' सुद्धा नाही! त्याच्याशिवाय कसला गुब्बू?"

लंबूने तर शिडीवर उभा राहून व्हिडिओ केला. एका हातात टेस्टर, दुसऱ्या हातात मोबाइल. "आमच्या बालपणाची वाचा काढून घेणारे हे कोण?" असं तो कळवळून बोलला. व्हिडिओ बऱ्याच दूरवर गेला. अनोळखी लोकांनीही वा वा केली.

तेव्हा चिमणीने जेवताना आईला विचारलं, "जुन्या भागात तो खरंच बोलायचा का?"

"म्हणजे काय! अगं, पाठ आहे आम्हाला."

"मग दाखव ना."

रविवारी सकाळी दवाखाना बंद असतो. तिथे पेशंटचं लक्ष दुखण्यावरून उडावं म्हणून खुर्चीसमोर मोठा टीव्ही लावलेला होता. डॉक्टरीणबाईंनी चिमणीला तिथे नेलं, जुने भाग शोधून काढले, लंबूला बोलावलं आणि काकांनाही. बसायला जागा एकच धड होती, त्यामुळे काकांना मान देऊन दातांच्या खुर्चीत बसवलं. डॉक्टरीणबाईंनी सवयीने खुर्ची मागे झुकवली. काका आडवे, पाय वर, डोक्यावर दिवा, आणि समोर गुब्बू.

काकांनी आयुष्यात पहिल्यांदा त्याला पाहिलं. निळा, ढेरपोट्या, लहानसे कान. शेपटी टेबलक्लॉथला शिवली गेली. ते अगदी ऐकलं होतं तसंच होतं. काकांना हसू फुटलं. खुर्चीत आडवं पडून हसणं सोपं नसतं, त्यांना ठसका लागला.

"आता बोलेल बघ," लंबू म्हणाला.

गुब्बूने शेपटीकडे पाहिलं. मग पडद्यातून बाहेर, सगळ्यांकडे पाहिलं. डोळे मिटून उघडले. बासरीचा एक सूर वाजला आणि भाग संपला.

"पुढच्यात असेल." पुढचा लावला. त्याच्या पुढचा लावला. इस्त्री उडाली, घड्याळ उलटं पळालं, कावळा स्क्रू घेऊन गेला. गुब्बूने तोंड फक्त जांभई द्यायला उघडलं.

लंबूने रिमोट खाली ठेवला. मग हळूहळू सगळ्यांच्या माना खुर्चीकडे वळल्या.

"माझ्याकडे काय बघताय?" काका आडवे असल्या जागीच म्हणाले. "मी तर आज पहिल्यांदाच बघतोय."

"पहिल्यांदा?" डॉक्टरीणबाई ओरडल्या.

"हे लागायचं तेव्हा मी तुम्हालाच तर घरी सोडून गॅरेजकडे निघालेलो असायचो."

"पण मग 'बिघडून बिघडून'?"

"ते मीच म्हणायचो. मला वाटलं, तो दुसरं काहीतरी म्हणत असेल. तुम्ही कधी सांगितलंच नाही की तो बोलत नाही."

"आम्हाला तरी कुठे आठवत होतं!" असं म्हणून डॉक्टरीणबाई जे हसायला लागल्या, त्या मास्कने डोळे पुसत बाकावर बसल्याच. लंबू मात्र हसेना. तो कपाळाला हात लावून उभा राहिला. "काका, मी शिडीवर चढून सगळ्या जगाला सांगितलंय."

"मग परत चढ," चिमणी म्हणाली, "आणि सांग, चुकलं."

तो खरोखर चढला. दुसऱ्या व्हिडिओत त्याने सगळं सांगून टाकलं, पुलापलीकडचं वळण, पिशवी, काका. आणि गंमत म्हणजे हा व्हिडिओ लोकांना पहिल्यापेक्षा जास्त आवडला. सोमवारी बसमध्ये चढताना मुलं काकांकडे अशी बघत होती, जणू आतापर्यंत सारथी कोण आहे ते त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. एकाने सही मागितली. काकांनी त्याला खाली बसायला सांगितलं.

सिनेमाच्या दिवशी सकाळच्या खेळाला अख्खी एक रांग आणि तिच्या मागची अर्धी आपल्या लोकांनी भरली. मोठी माणसं निळ्या टोप्या घालून, पोरं जांभळ्या. काकूंनी दोन्ही रंग नाकारले आणि आपली नेहमीची शाल पांघरली. काकांच्या एका बाजूला काकू, दुसऱ्या बाजूला चिमणी.

दिवे मंदावले. नव्या गुब्बूची बडबड सुरू झाली, पोरं त्याच्या बरोबरीने बोलू लागली. मग तो जुना टीव्ही आला, खरखर झाली, आणि निळा गुब्बू धपकन पडला. मागचा बाक उठून उभा राहिला. मागून कुणीतरी ओरडलं, "खाली बसा हो!" बाक खाली बसला.

पडद्यावर नव्या गुब्बूने प्रश्नांची सरबत्ती लावली. तू कोण, कुठला, माझ्यासारखा का दिसतोस? जुना काही बोलेना. त्याने नव्याच्या चकचकीत पोटाला एक बोट लावलं, ते बोट उचलून नीट पाहिलं, आणि मग प्रेक्षकांकडे वळला. संगीतही थांबलं.

चिमणी काकांच्या कानाशी आली. "काका, तो काय म्हणतोय?"

काकांनी निळ्या तोंडाकडे पाहिलं. आता ते तोंड त्यांना नीट माहीत होतं. हनुवटी गळ्यात गेली, गाल फुगले.

"पोट एवढं घासलंस, बाबा," ते कुजबुजले, "बेंबी कुठे गेली?"

चिमणी खिदळली ती थांबेचना. तिच्या पलीकडच्या मुलाने काय झालं विचारलं, तिने सांगितलं, तो हसला, आणि ते हसू खुर्ची-खुर्चीने रांगेच्या टोकापर्यंत गेलं. पुढच्या रांगेतल्या एका अनोळखी बाईंनी मागे वळून बघितलं. काका ओशाळले.

"माफ करा, हं."

"माफ कसलं?" बाई म्हणाल्या. "जरा मोठ्याने बोला, आम्हालाही ऐकू द्या."

त्यानंतर निळा गुब्बू जेव्हा जेव्हा प्रेक्षकांकडे वळायचा, तेव्हा तीनचार रांगांची डोकी काकांकडे झुकायची. घरात दोन वाक्यांवर न जाणारा माणूस दिवे लागेपर्यंत बोलत होता.

बाहेर फुटपाथवर मंडळी पांगेनात. डॉक्टरीणबाई नव्याचं कौतुक करत होत्या, चिमणी जुन्याचं, आणि दोघींनाही आपण बाजू बदलल्याचं कळलेलं नव्हतं. लंबू कावळ्याला सोडायला तयार नव्हता. सिनेमाच्या शेवटी कावळ्याला कैद व्हायला हवी होती, असं त्याचं म्हणणं.

काका-काकू चालत घराकडे निघाले. काकूंच्या कपाळावर आठी होती.

"नाही आवडला का?" काकांनी विचारलं.

"आवडला ना. पण मला सांगा, कावळ्याचं काय चुकलं? इतके स्क्रू उघड्यावर टाकल्यावर कुणीही नेईल. दुकान कसं ठेवावं याची अक्कल दोघांनाही नाही, ना निळ्याला, ना जांभळ्याला."

"अगं, तो चोर आहे!"

"चोर कसला? आवरून ठेवणारा तो एकटाच."

घराच्या दारापर्यंत दोघं भांडत गेले, आणि कुलूप काढतानाही काकांचं बोलणं चालूच होतं.