रोज सकाळी कोरं

कंपनीत माझी ख्याती शिस्तीची. रायापूरच्या आमच्या ऑफिसात आम्ही सांभाळतो ती यंत्रं डोळ्यांना दिसत नाहीत. दूरच्या कुठल्याशा शहरात भलेमोठे संगणक असतात, त्यातला एकेक वाटून पाच-पन्नास लहान संगणक तयार करतात आणि आपण ते कुठूनही आपल्या पडद्यावर उघडून वापरायचे. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. ती उघडणं, बंद करणं, नीटनेटकी ठेवणं ही माझी नोकरी. नव्याने लागलेली मंडळी शिकताना त्यांत फार पसारा करून ठेवतात, म्हणून मीच एक नियम लावला. रोज सकाळी सहाला शिकण्याची सगळी मशिनं आतल्या सगळ्यासकट पुसली जायची आणि त्यांच्या जागी कोरी यायची. साहेबांनी कौतुक केलं, मी चार दिवस हवेत होते.

त्याच सुमारास आमच्या बुद्धविहारातल्या बायकांनी ठरवलं, प्रत्येकीने आपल्या शाळेबद्दल एक पान लिहायचं आणि सगळ्यांचं मिळून पुस्तक काढायचं. बाकीच्या जणी वहीचं पान फाडून देणार होत्या. माझी आई पाचवीत शाळा सुटलेली, जन्मभर दवाखान्यात आयाचं काम केलेली. ती म्हणाली, "मी टायप करून देणार."

घरचा लॅपटॉप इतका मरतुकडा की त्याच्यावर काहीच धड चालेना. मग साहेबांना विचारून शिकण्यासाठीचं एक रिकामं मशीन मी तिला त्याच लॅपटॉपच्या पडद्यावर उघडून दिलं. टायप करणं, सेव्ह करणं, सगळं दहा-दहा वेळा दाखवलं. सकाळच्या नियमाची मात्र मला आठवणही झाली नाही.

ऑफिसात माझ्या पडद्यावर दिसायचं, अकरा ते एक आईचं मशीन चालू आहे. एक दिवस खाडा नाही. मला भरून यायचं. संध्याकाळी केशवापूरला घरी आल्यावर विचारलं की ती म्हणायची, "जमतंय की."

दोन आठवडे झाले. पान द्यायच्या आदल्या दिवशी मी म्हटलं, "आण बघू, छापून देते."

आई कोरडेच हात पदराला पुसत राहिली. "काय सांगू बाई. सकाळी उघडून बघितलं की काहीच नसतंय. रोज पहिल्यापासून लिहिते, रोज जातंय. मास्तर म्हणायचे, हिच्या डोक्यात काय राहत नाही. तेच मी लिहीत होते त्या पानात. त्यांचं खरंच होतं म्हणायचं."

शेजारच्या कानडी अक्कांनासुद्धा तिने सांगून टाकलं होतं, 'मला काही हे येत नाही' म्हणून. फक्त मला सांगितलं नव्हतं, कारण मी दहा वेळा शिकवलं होतं.

मी तिला सगळं सांगितलं. नियम कुणी लावला, तेही. सांगताना रडू आलं, आणि रागही आला स्वतःचा. दुसरं कुणी असतं तर पहिल्याच दिवशी मशीनला शिव्या घातल्या असत्या. आईने चौदा दिवस स्वतःला नावं ठेवली.

तिने विचारलं, "म्हणजे मी सेव्ह बरोबर करत होते?"

"अगदी बरोबर."

"रोज?"

"रोज."

ती उठली, तडक कंपाउंडपाशी गेली आणि अक्कांना हाक मारून कन्नडात सांगितलं, "तप्पु नंदल्ल री!" चूक माझी नव्हती हो. अक्का तांदूळ निवडायचं थांबवून बघत राहिल्या. आईने मागे वळून मला बोलावलं. "ये, तू सांग."

मी गेले. शिस्तीची ख्याती बाजूला ठेवून कन्नडात सांगितलं की चूक माझी होती, आईने सगळं बरोबर केलं होतं. आई माझ्या शेजारी ताठ उभी राहून ऐकत होती.

"परत एकदा सांग," ती म्हणाली. "त्यांना नीट ऐकू गेलं नाही."