पुन्हा, पहिल्यापासून

मी जपानी शिकवते आणि माझी शिस्त कडक आहे, याचा मला बरीच वर्षं माज होता. वर्गात सगळे मला सेन्सेई म्हणतात, म्हणजे बाई. माझा नियम एकच. बोलताना कुणाची चूक झाली की मी पेन टेबलावर वाजवायचे. पेन वाजलं की वाक्य तिथंच सोडायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं. एकेक जण एकाच वाक्यावर दहा-दहा मिनिटं उभा असायचा. बाकीचे खाली माना घालून बसत. मला वाटायचं, अभ्यास चाललाय.

वर्गात एक मुलगी होती, यवतमाळकडची, नर्स. जपानमधल्या वृद्धाश्रमात काम मिळावं म्हणून हॉस्पिटलची नोकरी सोडून आलेली, पुण्यात धायरीला तिघींबरोबर खोली घेऊन राहायची. लेखी परीक्षेत वर्गात पहिली. उभं केलं की मात्र तोंडातून शब्द फुटायचा नाही. एकदा म्हणाली, "सेन्सेई, मले लिहिता येते सगळं. बोलाले उभी राहिली का काहीच आठवत नाही."

"मग तिकडच्या आजोबांना चिठ्ठ्या लिहीत बस," मी म्हणाले. वर्ग हसला. तीही हसली. तेव्हा मी स्वतःवर खूश झाले होते, हे सांगताना आज लाज वाटते.

वृद्धाश्रम चालवणाऱ्या एका जपानी संस्थेनं तिची मुलाखत घेतली, ती क्लासमध्येच, लॅपटॉपवर झाली. एकदा नाकारलेल्या उमेदवाराला ती संस्था पुन्हा बोलवत नसे. मी कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी तिच्या शेजारी बसले. तुला धीर द्यायला, असं तिला सांगितलं. पडद्यावर दोन बायका होत्या, बोलायला गोड. हे काम का करावंसं वाटतं, असं त्यांनी विचारलं. तिनं चांगली सुरुवात केली. तिसऱ्या वाक्यात एक फुटकळ चूक झाली, त्या बायकांनी ती मनावरही घेतली नसती. माझं पेन टेबलावर वाजलं.

मुद्दाम नाही हो. हात सवयीनं गेला.

ती थांबली. पुन्हा नाव, गाव, सगळं पहिल्यापासून सुरू केलं. मग अडखळली, माझ्या हाताकडे बघितलं आणि गप्प झाली. मी पेन पर्समध्ये टाकलं, पण त्याचा काही उपयोग झाला नाही. त्या बायका "सावकाश, सावकाश" म्हणत राहिल्या. शेवटी त्यांनीच वाकून निरोप घेतला.

मी पाणी आणायला बाहेर गेले. खरं तर तिच्याकडे बघवत नव्हतं. ग्लास घेऊन परतले तर दाराआडून आवाज ऐकू आला. बंद लॅपटॉपसमोर ती बोलत होती. पहिल्या हॉस्पिटलमधल्या एका आजींबद्दल, त्यांना भरवता भरवता त्यांच्याशी गप्पा मारायला कसं आवडायचं, सगळं जपानीत, न अडखळता. दोन-तीनदा चुकलीही. चुकली आणि पुढे गेली. दोन वर्षांत तिचा हा आवाज मी ऐकला नव्हता.

मी दार ढकललं. ती वाक्याच्या मध्येच थांबली आणि उठून उभी राहिली.